बेट पाहिलं, गाव राहिलं

मागच्या हिवाळ्यात आमच्या बॅचची सहल मुंबईला गेली होती. कागदावर तिचं नाव 'औद्योगिक भेट'. आता औद्योगिक भेट म्हणजे काय हे हॉस्टेलवाल्यांना समजावून सांगायची गरज नाही! एक दिवस कारखाना, तीन दिवस भटकंती, आणि परत आल्यावर एकाच्या रिपोर्टवरून साठ जणांचे रिपोर्ट. सरांनाही हे माहीत असतं आणि आम्हालाही. तरीपण सगळे आनंदात असतात, कारण सबमिशन आणि व्हायवाच्या धबडग्यात तेवढेच चार दिवस मोकळा श्वास घ्यायला मिळतो.

कामठी स्टेशनावर विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो तेव्हा आमच्यातल्या निम्म्या जणांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. कुणी गडचिरोलीचा, कुणी गोंदियाचा, कुणी वाशीमचा. माझंही तेच. पाणी म्हणजे आमच्यासाठी धरण, नाहीतर तळं. त्यामुळे कारखाना पाहून झाल्यावर 'एलिफंटा' म्हणजेच घारापुरीच्या बेटावर जायचं ठरलं तेव्हा अख्ख्या डब्यात पाठ केल्यासारखी एकच घोषणा झाली होती, "फोटो लय भारी येतीन बे!"

फोटो खरंच भारी आले. पण मित्रांनो, हा लेख त्या फोटोंबद्दल नाही. त्या बेटावर एका बाईंनी आम्हाला एक साधा प्रश्न विचारला आणि आमच्यापैकी एकालाही त्याचं उत्तर देता आलं नाही. त्या न दिलेल्या उत्तराबद्दल मला लिहायचं आहे.

आधी बेटाबद्दल थोडं. गेटवेपासून होडीने साधारण तासाभराचा प्रवास. मागे ताज हॉटेल लहान होत जातं, आजूबाजूला मोठमोठी मालवाहू जहाजं नांगर टाकून उभी असतात, वाटेत जवाहर द्वीपावरचा तेलाचा धक्का लागतो, पलीकडे न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन दिसतात. खरं सांगायचं तर औद्योगिक भेट इथेच होते, फक्त तेव्हा कुणी वही काढत नाही. आपण मुंबईहून होडीत बसतो म्हणून हे बेट मुंबईचं आहे असं समजतो. पण ते आहे रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्याचं, आणि तिथे स्वतःची ग्रामपंचायत आहे. धक्क्यावर उतरून पुढे गेलं की ही ग्रामपंचायत प्रत्येक पाहुण्याकडून नाममात्र कर घेते आणि हातात पावती देते. आमच्या ग्रुपमधल्या बहुतेकांनी ती पावती तिथेच चुरगाळून टाकली. माझी चुकून पाकिटात राहिली.

पुढे शंभरावर पायऱ्या, दोन्ही बाजूला निळ्या ताडपत्रीखाली दुकानं, माळा, दगडी हत्ती, टोप्या. आणि वर लेणी. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली. ती पाहून मात्र आमच्यातले सगळ्यात वात्रट गडीसुद्धा दोन मिनिटं गप्प झाले. वीसेक फूट उंचीचं ते तीन मुखांचं शिवाचं शिल्प, अर्ध्या अंधारातून आपल्याकडे न पाहता आपल्याला पाहणारं. सिव्हिलच्या एका मित्राने खांबांना हात लावून सांगितलं, "हा बेसाल्ट आहे बे. आपली सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या दगडाची, तोच हा." आमच्यासाठी हीच मोठी बातमी! दख्खनचा काळा दगड नागपुरापासून निघून इथे समुद्रात उतरतो, आणि त्या दगडात कुणीतरी छिन्नीने देव उभे केले. १९८७ साली युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारसा म्हटलं, पण तो दगड आपल्या ओळखीचा आहे हे आम्हाला युनेस्कोने नाही, सिव्हिलच्या पोराने सांगितलं.

'एलिफंटा' हे नाव पोर्तुगीजांनी ठेवलं, तिथल्या एका दगडी हत्तीवरून. १८६४ साली इंग्रजांनी तो हत्ती विलायतेला न्यायचं ठरवलं आणि उचलताना तो फुटला. तुकडे जोडून आज तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात उभा आहे. म्हणजे ज्याच्यावरून बेटाला नाव मिळालं, तो हत्तीच बेटावर नाही! मेकॅनिकलवाल्यांनी यावर क्रेन, साखळी आणि फॅक्टर ऑफ सेफ्टी अशी बरीच चर्चा केली.

उतरताना तहान लागली म्हणून एका टपरीवर ताक प्यायला थांबलो. टपरी चालवणाऱ्या बाई तिथल्याच, खालच्या गावातल्या. बेटावर तीन वस्त्या आहेत: शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. ताक थंडगार होतं. कुणीतरी सहज म्हटलं, "मावशी, ताक मस्त थंड आहे हो." तर त्या हसून म्हणाल्या, "आता थंड आहे. आमच्याकडे लाइट येऊन किती वर्षं झाली असतील सांगा बघू?"

कुणी पन्नास म्हटलं, कुणी चाळीस. मुंबई समोर दिसते आहे, रात्री तिचे दिवे पाण्यात पडतात, तेव्हा तेवढी तर असणारच. खरं उत्तर ऐकून आम्ही इलेक्ट्रिकलवाले वरमलो. घारापुरीला कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून. त्याआधी संध्याकाळी जनरेटरवर तीनेक तास दिवे लागायचे, आणि मग अंधार. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं हे चाललं. आम्ही तीन वर्षं 'पॉवर सिस्टिम' शिकलो, केबलचे प्रकार पाठ केले, पण ही केबल कुणाला माहीत नव्हती. लेण्यांतल्या शिल्पांची नावं मात्र गाइडने सांगितल्यामुळे सगळ्यांना माहीत!

मावशी पुढे म्हणाल्या, "सगळे लेणी बघतात आणि शेवटची होडी पकडायला पळतात. खाली गावात कुणी येत नाही." यात तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. संध्याकाळनंतर पाहुण्यांना बेटावर राहू देत नाहीत, त्यामुळे पळावं लागतं हे खरंच. पण दिवसा तरी कोण उतरतं? आम्हीपण उतरलो नव्हतो.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "तुम्ही कुठले रे पोरांनो?"

"नागपूरजवळचे. कामठी."

"बरं. काय आहे तिथं?"

आम्ही सहा जण. सहाही जण चार-चार वर्षं कामठीत राहणारे. एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागलो. शेवटी एक जण म्हणाला, "काही नाही मावशी. मिलिटरी आहे."

त्या हसल्या, पैसे घेतले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. त्यांच्यासाठी विषय संपला. माझ्यासाठी तो परतीच्या पूर्ण प्रवासात संपला नाही. ज्या बाईच्या घरी लाइट येऊन दहा वर्षंही झाली नाहीत, तिला आपल्या बेटाबद्दल सगळं सांगता येतं. आणि आम्ही होणारे इंजिनिअर, आम्हाला चार वर्षं ज्या गावाचं पाणी प्यायलो त्याबद्दल 'काही नाही' असं सांगता येतं!

परत आल्यावर मेसच्या काकूंना हा किस्सा सांगितला. त्या जन्मापासून कामठीच्या. पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "काही नाही म्हनलं? अन् तुम्ही कधी गेटाच्या बाहेर निंगाले का बाबू? टपरी, स्टेशन अन् नागपूर. त्याच्यापलीकडं काय पाह्यलं तुम्ही?" मी गप्प. कारण हिशेब अगदी बरोबर होता. मित्रांनो, आपलं हॉस्टेल हेच एक बेट आहे. चारी बाजूंनी गाव आहे आणि आपली होडी फक्त नागपूरकडे जाते.

म्हणून एका रविवारी कामठीच्याच एका डे-स्कॉलर मित्राला गाठलं आणि सांगितलं, "आज तू गाइड." त्याला आधी वाटलं मी त्याची चेष्टा करतो आहे. "कामठी काय पाहाची बे?" तोही म्हणाला. म्हणजे हा रोग फक्त हॉस्टेलवाल्यांचा नाही. दोन सायकली काढल्या आणि निघालो. त्या एका दिवसात आणि नंतरच्या चार-पाच रविवारी जे पाहिलं, ऐकलं आणि लायब्ररीत जाऊन ताडून घेतलं, त्यातलं थोडं इथे सांगतो.

सगळ्यात आधी 'मिलिटरी आहे' या उत्तराबद्दल. ते उत्तर खोटं नव्हतं, अर्धवट होतं. १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला आणि त्यानंतर १८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हानच्या काठावर छावणी वसवली. म्हणजे या छावणीला दोनशे वर्षं उलटून गेली. 'कॅम्प-टी' वरून कामठी झालं अशी एक गोष्ट गावात सांगतात. ती खरी असो नसो, गाव छावणीभोवती वाढलं हे खरं. फौज मद्रासकडची होती, म्हणून तिच्याबरोबर तमिळ आणि तेलुगू बोलणारी कुटुंबं आली. उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर आले. मारवाडी व्यापारी आले. आजही बाजारात एका गल्लीत उभं राहिलात तर मराठी, हिंदी आणि उर्दू एकाच वाक्यात ऐकू येते. आज इथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे, एनसीसीच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमी आहे. आपल्या एनसीसीच्या पोरांना ही अकादमी माहीत असते, पण ती दोनशे वर्षांच्या कुठल्या गोष्टीचं शेवटचं पान आहे हे माहीत नसतं.

नंतर नदी. पेंच आणि कोलार या दोन नद्या कामठीजवळच कन्हानला येऊन मिळतात. तीन नद्यांचं गाव विदर्भात किती असतील? महादेव घाटावर सकाळी गेलात तर अंघोळी, पूजा, कपडे धुणं आणि मासे पकडणं, सगळं एकाच पाण्यात चाललेलं दिसतं. जुन्या दगडी कमानींच्या पुलाखाली उभं राहून वर पाहिलं तर सिव्हिलच्या पोरांना व्हायवाचे चार प्रश्न तिथेच सुटतील. या पट्ट्यातूनच नागपूर शहराच्या पाण्याचा एक वाटा उचलला जातो. म्हणजे आपण शनिवारी नागपूरला जाऊन हॉटेलात जे पाणी पितो, त्यात कदाचित कामठीचीच नदी असते. आपण मात्र तिला भेटायला कधी जात नाही.

जमिनीखालीसुद्धा कामठीचं नाव आहे. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात गोंडवाना खडकांमध्ये 'कामठी फॉर्मेशन' नावाचा एक वालुकाश्म येतो. त्याचं वय पंचवीस कोटी वर्षांच्या आसपास. सिव्हिलवाले तो परीक्षेत लिहितात, पण हे आपलंच कामठी हे किती जणांच्या लक्षात येतं? एकाला विचारलं तर म्हणाला, "मले वाटलं ते आफ्रिकेत असंन!"

मग माणसं. कन्हानच्या काठावर बाबू हरदास एल. एन. यांचं स्मारक आहे. १९०४ साली कामठीत जन्मलेला हा माणूस विडी कामगारांना संघटित करतो, १९३७ मध्ये नागपूर-कामठीतून मध्य प्रांताच्या विधिमंडळात निवडून जातो आणि १९३९ च्या जानेवारीत अवघ्या पस्तिशीत क्षयाने जातो. 'जय भीम' या अभिवादनाचे जनक ते मानले जातात. आज देशात आणि देशाबाहेर लाखो लोक रोज जे दोन शब्द एकमेकांना म्हणतात, ते आपल्या हॉस्टेलपासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावरच्या माणसाने दिले. हॉस्टेलमध्ये रोज 'जय भीम' म्हणणारे मित्र आहेत, त्यांच्यापैकी दोघांना हे माहीत होतं, बाकीच्यांना नव्हतं. ज्या दोघांना माहीत होतं ते दर जानेवारीला तिथे जातातही, पण आम्ही कधी त्यांना विचारलं नव्हतं की बाबा रे, तुम्ही कुठे जाता?

ड्रॅगन पॅलेस मात्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, कारण तिथे लॉन आहे आणि फोटो चांगले येतात. जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने १९९९ साली ते बुद्धविहार उभं राहिलं. आत चंदनाची बुद्धमूर्ती आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आलेली माणसं पुढे इथेही येतात, डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू. त्या दिवशी गेलात तर लॉन दिसणार नाही, माणसंच दिसतील. पाहायचं तर तेव्हा पाहा.

विणकरांच्या मोहल्ल्यात आता मागाचा आवाज कमी झाला आहे. एका म्हाताऱ्या चाचांनी आम्हाला घरात बोलावलं, चहा दिला आणि कोपऱ्यातला माग दाखवला. "बेटा, इस पर नौ गज की साडी बनती थी. तुम्हारी दादी ने पहनी होगी," म्हणाले. मागाकडे पाहताना मला पहिल्यांदा कळलं की उभा धागा वर-खाली करणारी ती यंत्रणा म्हणजे आमच्या पुस्तकातल्या लॉजिकचाच पूर्वज आहे. उचललं किंवा नाही उचललं. एक किंवा शून्य. हे मला चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, चाचांच्या पायांनी सांगितलं. तिथून निघालो तर मैदानावर पोरं फुटबॉल खेळत होती. क्रिकेटवेड्या विदर्भात कामठी हे फुटबॉलचं गाव आहे, हेही हॉस्टेलच्या टीव्हीसमोर बसून कळत नाही.

आता इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. घारापुरीच्या मावशींचं ताक ज्या विजेवर थंड होतं, ती वीज कुठून येते? राज्याच्या ग्रिडमधून. आणि त्या ग्रिडमध्ये वीज ओतणारी दोन मोठी केंद्रं आपल्या शेजारी आहेत: कोराडी आणि खापरखेडा. कोराडीचे ६६०-६६० मेगावॉटचे तीन संच, खापरखेड्याचे एकूण १३४० मेगावॉट. कोळसा जळतो, वीज तारेने मुंबईकडे जाते, आणि राख? राख इथेच राहते. १६ जुलै २०२२ रोजी खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख कोलारमधून कन्हानपर्यंत आली. तीन नद्यांच्या संगमाचं गाव म्हटलं ना, ते हेच.

वीज निर्माण करू नये असं मला म्हणायचं नाही. मी पुढे तीच नोकरी शोधणार आहे. मावशींच्या घरी दिवा लागला ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण तारेचं एक टोक आणि दुसरं टोक दोन्ही पाहिल्याशिवाय आपण इंजिनिअर कसे? घारापुरीला सत्तर वर्षं अंधार होता हे तिथे पायऱ्या चढून लेणी पाहणाऱ्यांना दिसलं नाही. आपल्या नदीत राख आली हे हॉस्टेलच्या खिडकीतून दिसलं नाही. दोन्ही ठिकाणी कारण एकच. आपण जागा पाहतो, गाव पाहत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. कुठेही गेलात, बेट असो की कामठी, तिथला वारसा, निसर्ग आणि परंपरा हे तीन वेगवेगळे 'पॉइंट' नसतात. ते एकाच गावाचे असतात, आणि ते गाव कुणीतरी रोज चालवत असतं. ग्रामपंचायत असेल, नगर परिषद असेल, छावणी मंडळ असेल. लेण्यांकडे जाणारी वाट कोण झाडतं, पाणी कुठून येतं, कचरा होडीने परत जातो का, महाशिवरात्रीला लेण्यांत येणाऱ्या भाविकांची सोय कोण करतं, हे कळलं की लेणीसुद्धा जास्त चांगली कळतात. घारापुरीची पावती ही त्या गावाची ओळखपत्रिका होती. आम्ही ती चुरगाळली.

यावर मित्रांनी जे आक्षेप घेतले तेही सांगतो. पहिला आक्षेप: "आम्ही इथं डिग्री घ्यायला आलो, गाव पाहायला नाही." मान्य. पण गोव्याला जाताना कुणी हे म्हणत नाही! दुसरा: "कामठीत पाहण्यासारखं ठेवलंच नाही, अस्वच्छता किती आहे." तीही गोष्ट खरी. घाटावर प्लास्टिक आहे, जुन्या वास्तूंवर नावं कोरली आहेत. पण त्यातली काही नावं आपल्याच कॉलेजच्या बॅचची आहेत, वर्षासकट! तेव्हा अस्वच्छतेवर बोलताना आवाज जरा खाली ठेवावा. तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे आणि तो मेसच्या काकूंनी घेतला. त्या म्हणाल्या, "पाहा, पण आमाले प्राणीसंग्रहालयासारखं नका पाहू." हे मात्र मनाला लागलं. विणकराच्या घरात घुसून फोटो काढणं म्हणजे गाव पाहणं नव्हे. चाचांच्या मागाचा फोटो मी काढला नाही. छावणीच्या भागात तर कॅमेरा बाहेर काढूच नये, आणि जिथे मनाई लिहिली आहे तिथे जाऊ नये. पाहुण्याने पाहुण्यासारखं वागावं. दुकानातून काहीतरी विकत घ्यावं, नमस्कार, सलाम, जय भीम, जे ज्याचं ते करावं, आणि बोलण्यापेक्षा ऐकावं.

आता नुसतं भाषण नको म्हणून तीन गोष्टी सुचवतो. सरांनीही यांचा विचार करावा ही नम्र विनंती.

पहिली, फर्स्ट इयरच्या पोरांना रॅगिंगविरोधी व्याख्यान आणि लायब्ररी कार्ड देतो, तसा एक रविवार कामठीचा द्यावा. घाट, पूल, स्मारक, बाजार, मैदान. खर्च शून्य, चालण्याचा. गाइड म्हणून कामठीचे डे-स्कॉलर. हॉस्टेल आणि डे-स्कॉलर यांच्यातलं जुनं भांडणसुद्धा त्यात थोडं मिटेल.

दुसरी, औद्योगिक भेटीच्या रिपोर्टमध्ये एक पान त्या गावासाठी सक्तीचं करावं. प्रश्न चारच: इथे पाणी कुठून येतं, वीज कधी आली, कचरा कुठे जातो, आणि गाव कोण चालवतं? हे पान दुसऱ्याच्या रिपोर्टवरून उतरवता येणार नाही असं नाही, आपण काहीही उतरवू शकतो! पण साठातल्या निदान एकाला तरी कुणालातरी जाऊन विचारावं लागेल. सध्या एकालाही लागत नाही.

तिसरी, आपल्या एनएसएसचं शिबिर दर वर्षी दूरच्या खेड्यात जातं. एखाद्या वर्षी ते कन्हानच्या काठावर का होऊ नये? पाण्याचे नमुने घ्यायला केमिकलची प्रयोगशाळा आहे, मोजमापाला सिव्हिलची उपकरणं आहेत. ती वर्षातून दोनदा, परीक्षेपुरती बाहेर निघतात. दर पावसाळ्यानंतर नदीचं पाणी तपासून ते आकडे कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावले, तरी दहा वर्षांनी त्या आकड्यांना गावात किंमत येईल. बंधारा फुटल्यावर सगळे आकडे मागतात. आधीचे आकडे कुणाकडे तरी असायला हवेत ना?

आमची बॅच आता निघाली. मे महिन्यात खोली रिकामी करायची आहे. चार वर्षांचा पसारा आवरताना पाकिटातून ती घारापुरीची पावती निघाली. शाई फिकी झाली आहे, पण ग्रामपंचायतीचं नाव वाचता येतं. मनात आलं, कामठीने आपल्याकडून चार वर्षांत एकदाही पाहुणा म्हणून कर घेतला नाही. पाणी दिलं, पोळी दिली, उधारीवर चहा दिला, रात्री दोनला पेट्रोल संपलं तेव्हा अनोळखी माणसाने बाटलीभर पेट्रोल दिलं. पावती काही दिली नाही. म्हणून आपल्याला वाटलं की इथे 'काही नाही'.

मी ती पावती खोलीच्या भिंतीवर चिकटवून जाणार आहे. पुढे त्या खोलीत जो ज्युनिअर येईल त्याने ती फाडू नये, एवढी विनंती. आणि येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी सायकल घेऊन गेटवर उभा असेन. शेवटची फेरी आहे. ज्याला यायचं त्याने या. नाश्ता बाजारात करू, पैसे ज्याचे त्याने द्यायचे!

— फायनल इयर, इलेक्ट्रिकल